वीज कंपनी ठेका कुणालाही देऊ शकते का? नियम नक्की काय आहेत?

माडवाडीकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझा भाचा दापोली तालुक्यात राहतो, इलेक्ट्रिकल डिप्लोमा, लायसन घेऊन चार वर्षं झाली, दोन हेल्पर आणि एक जुना टेम्पो एवढा त्याचा पसारा. समुद्रकाठच्या पाच वाड्यांचं काम निघालं होतं, गंजलेले लोखंडी पोल काढून नवीन घालायचे आणि उघड्या तारांच्या जागी एबी केबल (वेष्टण असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारा) ओढायची. त्याने रात्री जागून कागद जमवले, बयाणा रक्कम भरली, निविदा भरली. शुक्रवारी पोर्टलवर पाहिलं तर टेक्निकललाच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या कागदांच्या छाननीतच, बाद! कारण काय, तर अनुभवाच्या दाखल्यावर कार्यकारी अभियंत्याची सही हवी होती, याच्यावर उपकार्यकारी अभियंत्याची आहे. त्यामुळे याचा दर उघडलाच नाही. आणि ज्याचं पाकीट पास झालं त्याचा अनुभव म्हणजे एका नगरपंचायतीच्या रस्त्यावरचे दिवे बसवल्याचा. अट स्पष्ट होती की लघुदाब वाहिनी टाकल्याचा अनुभव पाहिजे. पोल चढलेला माणूस बाहेर आणि दिवे लावलेला आत.

ऑफिसात विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "ही कंपनी आहे, कंपनीला योग्य वाटेल त्याला काम देईल."

असं असतं का हो? वीज, पाणी देणाऱ्या कंपन्यांना ठेका देताना कायदा असा काही आहे की नाही? पोरगं दोन दिवस नीट जेवलेलं नाही.

धागा_राखणदार (संपादक)
माडवाडीकर, स्वागत. सगळ्यांना विनंती, कार्यालयाचं, ठेकेदाराचं, अधिकाऱ्याचं नाव कुणीही लिहू नये. प्रश्न चांगला आहे, नियमांवर बोलू.

मालवणी_मसालो
आमच्या हय पण असाच झाला. पोल उभो केलो, तार वढली आणि पयल्याच पावसात पोल वाकलो. कोणाक विचारूचा ता सांगा कोणीतरी. रुमाल टाकून बसलंय.

दहा_रुपयांचा_स्टॅम्प
माहिती अधिकार टाका! १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत अर्ज, एकच विषय. तांत्रिक छाननीचं इतिवृत्त, तुलनात्मक तक्ता आणि पास झालेल्याचे अनुभवाचे दाखले मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "व्यापारी गुपित" म्हणून कलम ८(१)(ड) दाखवतील, त्रयस्थ पक्ष म्हणून कलम ११ ची नोटीस काढतील, पण सार्वजनिक हित मोठं असेल तर ते गुपितही उघड करता येतं असं त्याच कलमात लिहिलंय. त्यातून दाखला सरकारी कामाचा, म्हणजे त्यात गुपित कसलं? घाबरू नका.

खालची_आळी
वकिली करतो, रत्नागिरीत. स्टॅम्पराव, अर्ज टाकाच, पण त्यावर अवलंबून राहू नका. ३० दिवसांत उत्तर येईपर्यंत तिकडे वर्क ऑर्डर निघून पोलांचे खड्डे खणून झालेले असतील.

माडवाडीकर, आधी तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. "कंपनीला वाटेल त्याला" हे साफ चूक आहे. राजस्थान वीज मंडळाच्या खटल्यात १९६७ सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वीज मंडळ हे घटनेच्या अनुच्छेद १२ खाली "राज्य" आहे. आपल्याकडे ६ जून २००५ ला मंडळाच्या कंपन्या झाल्या, पण सरकारच्या मालकीची आणि ताब्यातली कंपनी सुद्धा त्याच व्याख्येत येते. म्हणजे अनुच्छेद १४ लागू, सगळ्यांना सारखी वागणूक, मनमानी चालणार नाही. खासगी बागायतदार आपल्या आंब्याच्या पेट्या कुणालाही विकेल, सरकारी कंपनीला तसं करता येत नाही.

आता तुमच्या भाच्याला अगदी लागू पडणारा खटला सांगतो. १९७७ साली सांताक्रूझ विमानतळावर दुसऱ्या दर्जाचं रेस्टॉरंट चालवायला निविदा काढली. अट होती की नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचा हॉटेलवाला हवा आणि किमान ५ वर्षांचा अनुभव हवा. ठेका मिळाला तो कॅन्टीन चालवणाऱ्याला. रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध इंटरनॅशनल एअरपोर्ट अथॉरिटी, निकाल १९७९ चा, न्यायमूर्ती भगवती. कोर्ट म्हणालं की अट तुम्ही स्वतः लिहिलीत ना, मग ती तुमच्यावरच बंधनकारक. ती सैल करणार हे माहीत असतं तर आणखी दहा जण आले असते, त्यांना तुम्ही दारातच अडवलंत. तुमच्याकडचे दिवे आणि लाईन म्हणजे हेच.

माडवाडीकर
साहेब वाचून अंगावर काटा आला. म्हणजे आपण जिंकू शकतो?

खालची_आळी
थांबा, निकाल पुरता सांगितला नाही. तत्त्व मान्य झालं, पण ठेका रद्द झाला नाही! कारण शेट्टी कोर्टात गेले पाच महिन्यांहून जास्त उशिराने, आणि तोवर ठेका मिळालेल्याने सव्वा लाख रुपये खर्च केले होते. निविदेच्या प्रकरणात एकेक दिवस मोजला जातो. तुमचा निकाल शुक्रवारी लागला, आज रविवार. उद्या सकाळी लेखी हरकत ईमेलने पाठवा, आवक शिक्क्यासह प्रत घ्या, पोर्टलवर तक्रारीची सोय असेल तर तिथेही टाका. सहीचा मुद्दा आणि दिव्यांचा मुद्दा वेगवेगळे लिहा. राग लिहू नका, अटीचा क्रमांक लिहा.

वायरमन_७२
मी ३४ वर्षं लाईनवर काढली, आता घरी सुपारी सोलतो. एक बाजू माझीही ऐका. अट लिहिलेली असते ती कुणीतरी मेल्यावर लिहिलेली असते. समुद्रकाठची लाईन वेगळी, खाऱ्या वाऱ्याने कंडक्टर आतून पोखरतो, बाहेरून चकचकीत दिसतो आणि हातात घेतला की तुटतो. रस्त्यावरचे दिवे लावणारा आणि एबी केबल ओढणारा एक नाही, हे बरोबरच. पण सहीची अटही उगाच नाही हं, खोटे दाखले आम्ही ढिगाने पाहिलेत, शाखेत ओळख असली की चहाच्या कपावर दाखला मिळायचा. म्हणून वरच्या साहेबाची सही मागतात.

रायगडची_पोर
वायरमन काका, पटतंय, पण खरा दाखला खोटा ठरवण्याआधी एक फोन तर करता येतो ना? त्याच कंपनीच्या कामाचा दाखला असेल तर रेकॉर्ड त्यांच्याच कपाटात असतं. मी एका ठेकेदाराकडे टेंडर भरायचं काम करते, आठ वर्षं. डिजिटल सही, पाकिटं, हमीपत्रं हेच माझं आयुष्य. काही ठिकाणी त्रुटीपूर्ततेसाठी दोन-तीन दिवस देतात, काही ठिकाणी सरळ बाद. निविदेच्या कागदातच लिहिलेलं असतं की त्रुटी दुरुस्त करता येईल की नाही, ते पान आधी बघा. आणि सगळ्यांना सारखं बघा, समोरच्याला पूर्ततेची संधी दिली आणि तुम्हाला नाही असं झालं असेल तर तो मुद्दा फार जोराचा.

खालची_आळी
रायगडच्या ताईंनी बरोबर नाडी पकडली. यावर कोर्टाचे दोन्ही बाजूंचे निकाल आहेत. १९९१ चा पोद्दार स्टीलचा खटला, रेल्वेच्या कारखान्याची निविदा, बयाणा स्टेट बँकेच्या ड्राफ्टने मागितला होता आणि माणसाने युनियन बँकेचा चेक दिला. कोर्ट म्हणालं, मूळ अट वेगळी आणि आनुषंगिक अट वेगळी, आनुषंगिक असेल तर खातं ती सोडू शकतं. लक्षात घ्या, "शकतं" म्हणालं, "सोडलीच पाहिजे" असं नाही. उलट २०१६ च्या सेंट्रल कोलफिल्ड्सच्या निकालात बँक गॅरंटी ठरलेल्या नमुन्यात नव्हती म्हणून बाद केलं ते योग्य ठरवलं. त्याच वर्षी नागपूर मेट्रोच्या प्रकरणात कोर्टाने म्हटलं की निविदेचा कागद ज्याने लिहिला त्यालाच त्याचा अर्थ सगळ्यात चांगला कळतो, कोर्टाने आपला अर्थ वर बसवू नये.

म्हणून सहीच्या मुद्द्यावर तुमची बाजू अर्धी. दिव्यांच्या मुद्द्यावर भक्कम.

खाडीपलीकडे
हे सगळं वाचून मला एवढंच कळलं की गरिबाने कोर्टात जायचं नाही. कोर्ट म्हणे कंपनीलाच जास्त कळतं! मग न्याय मागायचा कुणाकडे? ग्राहक गाऱ्हाणे मंचाकडे जा म्हणतात, तिथे जाऊ का?

खालची_आळी
नको, तिथे वेळ फुकट जाईल. वीज कायदा २००३ कलम ४२(५) चा मंच ग्राहकांसाठी आहे, बिल, मीटर, नवीन कनेक्शन यासाठी. ठेकेदाराचं निविदेचं भांडण तिथे चालत नाही. ते जातं अनुच्छेद २२६ खाली हायकोर्टात. आता एक बरं झालंय, १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. रायगडवाल्यांना मुंबईच.

आणि कोर्ट कंपनीची बाजू घेतं असं नाही. १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून सूत्र असं आहे की कोर्ट निर्णय तपासत नाही, निर्णय कसा घेतला ती पद्धत तपासतं. दर महाग की स्वस्त, अमका चांगला की तमका, यात पडत नाही. २००७ च्या जगदीश मंडल निकालात दोनच प्रश्न ठेवलेत. प्रक्रिया दुष्ट हेतूने, कुणाला तरी झुकतं माप द्यायला किंवा अगदी मनमानी केली का? आणि त्याने सार्वजनिक हिताला धक्का लागतो का? दोन्हीला नाही असं उत्तर असेल तर कोर्ट हात घालत नाही.

गुहागरकर
पद्धतीवरून आठवलं म्हणून लिहितो. आमच्या अंजनवेल, वेलदूरच्या माणसांना ठेका कसा देऊ नये हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. जून १९९२ मध्ये दाभोळ वीज प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीबरोबर सामंजस्य करार झाला, तोही त्यांची माणसं देशात आल्यावर काही दिवसांत. स्पर्धात्मक निविदा नाहीच. डिसेंबर १९९३ मध्ये मंडळाने वीज खरेदीचा करार केला. जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता. १९९५ मध्ये सरकार बदललं, मुंडे समिती बसली, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला आणि १९९६ मध्ये वाटाघाटी करून पुन्हा चालू झाला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद. त्या डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली.

मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या घरातली माणसं मोर्चात गेली, लाठ्या खाल्ल्या, काही आत गेली. लोक जमिनीबद्दल, खाडीतल्या मासळीबद्दल बोलत होते, पण आमच्या शाळेतले एक गुरुजी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचे, "दुसऱ्या कुणाला दर विचारला होता का?" तेव्हा मला तो प्रश्न किरकोळ वाटायचा. आज वाटतं, त्यातच सगळं होतं.

खाडीपलीकडे
+१ गुहागरकर. पण मग त्यानंतर काही बदललं का?

गुहागरकर
बदललं. राज्य वीज नियामक आयोग १९९९ मध्ये आला. २००३ च्या कायद्यात कलम ६३ आलं, स्पर्धात्मक बोलीतून दर ठरला तर आयोग तो स्वीकारतो. त्याच्या मार्गदर्शक सूचना जानेवारी २००५ मध्ये निघाल्या आणि कलम ८६(१)(ब) खाली वितरण कंपनी वीज कुणाकडून, काय दराने घेते त्यावर आयोगाची नजर असते. एन्रॉनच्या वेळी हे काहीच नव्हतं.

वाड्याचा_भात
तरी पूर्ण बंधन नाही हं. आमच्या वाडा तालुक्यातल्या कुडूसपासून मुंबईत आरेपर्यंत १००० मेगावॅटची एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी) वाहिनी आहे. ती स्पर्धात्मक बोलीने न देता कलम ६२ खाली, म्हणजे दर आयोगानेच ठरवायच्या पद्धतीने, दिली, त्यावर भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २३ नोव्हेंबर २०२२ चा निकाल असा की ६२ आणि ६३ हे दोन वेगळे रस्ते आहेत, राज्यांतर्गत पारेषणाला बोलीच लावा अशी सक्ती कायद्यात नाही. मात्र कोर्टाने सगळ्या राज्य आयोगांना सांगितलं की कोणता रस्ता कधी घ्यायचा याचे नियम तीन महिन्यांत करा. म्हणजे मोकळीक आहे, पण ती कशी वापरायची ते आधी लिहून ठेवा.

रायगडची_पोर
गुहागरकर आणि वाडेकर, हे वीज खरेदीचं आणि पारेषणाचं झालं. पोल, केबल, ट्रान्सफॉर्मर बसवणं ही कामं कलम ६३ मध्ये येत नाहीत, गल्लत नको. तिथे आयोग फार तर मोठ्या भांडवली योजनेचा खर्च दरात धरायचा की नाही एवढंच बघतो. छोट्या ठेक्याला लागू काय, तर निविदेचा कागद, कंपनीचे स्वतःचे खरेदी नियम, राज्याचे शासन निर्णय आणि घटना.

माडवाडीकर
मग ठेक्यांसाठी एकच असा कायदा नाही का? इतके कागद कोण वाचणार?

खालची_आळी
नाही, आणि हीच मोठी उणीव आहे. केंद्रात सार्वजनिक खरेदी विधेयक मे २०१२ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, २०१४ मध्ये लोकसभेबरोबर तेही संपलं. केंद्राकडे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम आहेत, पण ते नियम आहेत, कायदा नाही. काही राज्यांनी आपापले कायदे केले, तामिळनाडू १९९८, कर्नाटक १९९९, राजस्थान २०१२. महाराष्ट्राने केला नाही. आंबोलीच्या खाली आपण, आणि किनाऱ्याने थोडं दक्षिणेला गेलं की कारवार. तिथल्या ठेकेदाराला निविदेविरुद्ध अपील करायची सोय कायद्यातच आहे. आपल्या पोराला थेट हायकोर्ट, मधली पायरीच नाही. मला स्वतःला याचा फार त्रास होतो, दहा-बारा लाखांच्या कामासाठी कोण वकील लावून कोल्हापूर गाठेल?

डच_सुरंगी
मूळची वेंगुर्ल्याची, आता नेदरलँड्समध्ये पाणीपुरवठ्याच्या कंपनीत खरेदी विभागात आहे. वाचून राहवलं नाही.

इकडे युरोपात वीज, गॅस, पाणी, वाहतूक, टपाल यांच्या ठेक्यांसाठी वेगळा निर्देशच आहे, २०१४/२५. कंपनी खासगी असली तरी तिला एखाद्या भागात खास किंवा एकाधिकाराचा हक्क दिलेला असेल तर हे नियम लागू होतात. कारण सरळ आहे, ग्राहकाला दुसरा नळ निवडता येत नाही, म्हणून कंपनीलाही ठेकेदार मनाप्रमाणे निवडता येत नाही. जिथे बाजारात खरी स्पर्धा आहे तिथे कंपनी अर्ज करून सूट मागू शकते. आणि मर्यादा आहे, त्याच्या वरच्या ठेक्यांना पूर्ण प्रक्रिया; २०२४-२५ साठी ती बांधकामाला ५५ लाख ३८ हजार युरो, माल आणि सेवांना ४ लाख ४३ हजार युरो होती.

पण सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे थांबण्याचा काळ. ठेका कुणाला द्यायचा हे ठरलं की हरलेल्या सगळ्यांना कारणासह कळवायचं, आणि ऑनलाईन कळवलं असेल तर किमान १० दिवस सही करायची नाही. त्या दहा दिवसांत कुणी दाद मागितली तर निर्णय लागेपर्यंत करार थांबतो. मी स्वतः अशी पत्रं लिहिते. हरलेल्याला कारण लिहायचं म्हटलं की आपण निवड करतानाच जपून करतो, हा माझा अनुभव. दर फारच कमी वाटला तर बाद करण्याआधी त्याला खुलासा विचारावाच लागतो. आणि आणीबाणीत थेट ठेका देता येतो, पण ती निकड आधी न दिसणारी हवी आणि कंपनीने स्वतःच्या दिरंगाईने ओढवलेली नको.

माडवाडीकर
ताई, दहा दिवस! आपल्याकडे शुक्रवारी बाद आणि सोमवारी काय होईल देव जाणे.

खालची_आळी
सुरंगीताईंचे दहा दिवस आपल्याकडे सरसकट कायद्यात नाहीत, आणि उलट दुसरं एक दार अरुंद झालंय. २०१८ मध्ये विशिष्ट अनुतोष कायद्यात कलम २०अ आणि ४१(हअ) घातलं, पायाभूत प्रकल्पाला उशीर होईल अशी स्थगिती कोर्टाने द्यायची नाही. यादीत वीज आहे, पाणी आहे. २०२२ मध्ये झारखंडच्या एका रस्त्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं की रिट (अनुच्छेद २२६ खालची याचिका) ऐकणाऱ्या कोर्टानेही काम थांबवण्यापेक्षा नुकसानभरपाईकडे बोट दाखवावं. म्हणजे एकदा वर्क ऑर्डर निघाली की फार कठीण.

वायरमन_७२
त्यामागचं कारणही समजून घ्या वकीलसाहेब. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनला धडकलं, मंडणगड, दापोलीत पोल काडीसारखे मोडले. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो तरी मदतीला गेलो. घाटावरून टीम आल्या, शाळेत राहिल्या, चिखलात पोल खांद्यावरून नेले. बाळंतीण बाई अंधारात बसलेली पाहिलीय मी. तेव्हा निविदा, दहा दिवस, हरकती असं करत बसलो असतो तर? लोकांना लाईट पाहिजे असते.

डच_सुरंगी
काका, तुमच्यासारख्या माणसांमुळे गावं उजळली, मनापासून नमस्कार. पण ती खरी आणीबाणी होती आणि तशी सूट इकडेही आहे. पाच वाड्यांचे पोल मात्र वादळाने पडलेले नाहीत, वर्षानुवर्षं गंजलेले आहेत. ते आधी दिसत होतं.

वायरमन_७२
हे मान्य. गंज एका रात्रीत येत नाही.

मालवणी_मसालो
माझ्या वाकलेल्या पोलाचा काय?

रायगडची_पोर
मसालोभाऊ, तुमचा पोल दोषदायित्व कालावधीत असेल, म्हणजे काम पूर्ण झाल्यावर निविदेत लिहिलेली जी काही मुदत असते तिच्या आत, तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. अनामत त्याचीच तर अडकवून ठेवलेली असते. वर्क ऑर्डरची प्रत मागवा, तारीख बघा, लेखी द्या.

खरं दुखणं दरात आहे. अंदाजपत्रकापेक्षा २५-३० टक्के खाली दर भरतात, ज्याला आम्ही "बिलो" म्हणतो. ठराविक टक्क्यांच्या खाली गेलं की जादा अनामत घेतात, तरी लोक भरतात आणि मग सिमेंट कमी, खड्डा उथळ. कोकणात जांभा दगड फोडून खड्डा खणायला मजूर किती लागतो हे घाटावरच्या अंदाजपत्रकात नीट धरलेलंच नसतं.

खाडीपलीकडे
आणि रिंग? चार जण ठरवून भरतात, एक खाली, तीन सपोर्टला. हे बेकायदा आहे की फक्त वाईट आहे?

खालची_आळी
बेकायदा. स्पर्धा कायदा २००२, कलम ३(३)(ड), संगनमताने बोली. दंड उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत किंवा नफ्याच्या तिप्पट, जे जास्त असेल ते. आतल्याने आधी येऊन पुरावा दिला तर त्याला दंडात सवलतही मिळते. आणि काम मुद्दाम तुकड्यांत तोडून निविदा टाळणं, त्यालाही केंद्राच्या वित्तीय नियमांत मनाई आहे.

दहा_रुपयांचा_स्टॅम्प
अनुभवाच्या अटीबद्दल एक. केंद्रीय दक्षता आयोगाचं २००२ सालचं एक परिपत्रक आहे, सारख्या स्वरूपाची तीन कामं प्रत्येकी ४० टक्के किमतीची, किंवा दोन ५० टक्के, किंवा एक ८० टक्के. उलाढाल सरासरी ३० टक्के. राज्याच्या कंपन्यांना ते थेट बंधनकारक नाही, पण तसंच पाहून अटी लिहितात. अट याहून फार कडक दिसली तर प्री-बिड बैठकीत (निविदा भरण्याआधी शंका विचारायच्या बैठकीत) विचारा, का? कुणासाठी?

रायगडची_पोर
स्टॅम्पदादा, हेच सांगायचं होतं मला! माडवाडीकर काका, भाचा प्री-बिडला गेला होता का?

माडवाडीकर
नाही. त्याला वाटलं ती मोठ्या ठेकेदारांची बैठक असते.

रायगडची_पोर
नाही हो. ती त्याचीच बैठक आहे. पाकीट उघडण्याआधी अटीबद्दल लेखी विचारलं तर कंपनीला उत्तर द्यावं लागतं, पटलं तर शुद्धिपत्रक निघतं आणि ते सगळ्यांना लागू होतं. पाकीट उघडल्यावर तोच प्रश्न विचारला की ती तक्रार होते. आणि अट मान्य करून निविदा भरली, मग हरल्यावर अटच चुकीची म्हणालं, तर कोर्टही ऐकत नाही.

खालची_आळी
अगदी बरोबर. मी हे इतक्या सोप्या शब्दांत अशिलांना सांगू शकलो असतो तर बरं झालं असतं.

धागा_राखणदार (संपादक)
छान चर्चा. वाचनखूण साठवली. माडवाडीकर, पुढे काय झालं ते जरूर लिहा.

---

माडवाडीकर
धागा वर काढतोय. दोन महिने झाले, सगळ्यांनी विचारलं म्हणून लिहितो.

त्या सोमवारी सकाळी सव्वादहाला हरकत दिली, खालची आळी साहेबांनी सांगितलं तशी, दोन मुद्दे वेगळे करून. पण वर्क ऑर्डर शनिवारीच निघाली होती. सुट्टीच्या दिवशी. त्यांनी लेखी उत्तर दिलं की दिव्यांचं काम "समान स्वरूपाचं" समजलं आहे. एवढंच, कारण नाही. साहेबांनी फी न घेता कागद पाहिले आणि स्पष्ट सांगितलं की मुद्दा चांगला आहे, पण काम चालू झालंय, स्थगिती मिळणं कठीण, भरपाईचा दावा वर्षानुवर्षं चालेल. भाच्यानेच ठरवलं की जायचं नाही. मला वाईट वाटलं, त्याला माझ्यापेक्षा कमी वाटलं.

माहिती अधिकारात छाननीचा तक्ता मिळाला. पहिल्या अर्जाला नकार आला होता, अपिलात मिळाला. त्यात दिसलं की दोन जणांना त्रुटीपूर्ततेचा फोन गेला होता, भाच्याला नाही. तो कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेम्पोत ठेवलाय.

आणि आता खरी बातमी. शेजारच्या खाडीकाठच्या वाड्यांची तशीच निविदा निघाली, दाखल्याची अट शब्दशः तीच. या वेळी पोरगा प्री-बिडला गेला. एकटाच गेला, मला येऊ दिलं नाही. लेखी तीन प्रश्न दिले. कंपनीच्याच कामाचा दाखला असेल तर उपकार्यकारी अभियंत्याची सही का चालू नये? "समान स्वरूपाचं काम" म्हणजे नक्की काय, रस्त्यावरचे दिवे धरणार की नाही? आणि त्रुटीपूर्ततेची संधी सगळ्यांना समान मुदतीत देणार का? त्या तक्त्याची झेरॉक्स सोबत जोडली.

आठव्या दिवशी शुद्धिपत्रक क्रमांक १ आलं. उपकार्यकारी अभियंत्याची सही चालेल, मात्र मोजमाप पुस्तकाच्या पानाची प्रत जोडायची. समान काम म्हणजे लघुदाब किंवा उच्चदाब वाहिनी उभारणी, पथदिवे वगळून. त्रुटी असेल तर सर्वांना तीन दिवस. मी ते पान तीनदा वाचलं.

निविदा भरली आहे. वायरमन काकांना विचारून जांभ्याचा खड्डा धरून दर काढलाय, बिलो फार गेलेला नाही. मंगळवारी दुपारी ३ वाजता पाकीट उघडणार.

वायरमन_७२
पोराला म्हणावं, काम मिळालं तर पहिला खड्डा खणताना मला बोलाव. खोली मी मोजणार.

डच_सुरंगी
शुद्धिपत्रक वाचून इकडे ऑफिसात डोळे पुसले. मंगळवारी कळवा नक्की.

रायगडची_पोर
काका, त्या तीन प्रश्नांच्या पत्राचा नमुना इथे टाकाल का? नाव, क्रमांक काढून. आमच्याकडे तिघांना हवा आहे.

माडवाडीकर
टाकतो ताई, आज रात्री टाईप करून टाकतो.

मालवणी_मसालो
माझो पोल सरळ केल्यानी, दोषदायित्वात होतो, रायगडच्या ताईचे उपकार. आता सगळ्यांनी हात जोडा, गाऱ्हाणा घालतंय. बा देवा म्हाराजा, ह्या पोरान मेहनतीन भरलेलो कागद तुझ्या पायाशी ठेवलेलो आसा. जो काय न्याय असात तो सरळ होवंदे, कोणाची वाकडी नजर आडवी येता नये, आणि खाडीकाठच्या वाड्यांत पावसाआधी उजेड पडूंदे रे म्हाराजा.

गुहागरकर
व्हय म्हाराजा!

खालची_आळी
व्हय म्हाराजा!